‘देश’ म्हणजे नेमके कोण?

(चौक येथील बैठकीत केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातले थोडे आवरून छापले आहे.)



आजच्या बैठकीला मला विषय दिला आहे ‘जागतिक राजकारण आणि शेतकरी’. फळ्यावर विषय लिहिला तेव्हा मागून एक आवाज आला, तो मी ऐकला. “इथे युरियाची गोणी मिळेना, आणि हे कुठले जगाचे काढले?” आवाज कोणाचा ते विचारत नाही. प्रश्न रास्त आहे. गोणीचे उत्तर आजच देतो, पण त्याआधी माझी एक चूक सांगतो.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. दोन्ही देश गव्हाचे मोठे निर्यातदार. वर्तमानपत्रांत जाणकारांचे लेख सुरू झाले : युद्धाने भारताला संधी चालून आली आहे, जगाला धान्य हवे आहे, भारताची कोठारे भरलेली आहेत. एप्रिलमध्ये पंतप्रधानही म्हणाले की, जागतिक व्यापार संघटनेने परवानगी दिली तर भारत जगाला धान्य पुरवायला तयार आहे. मी शेतीचा पदवीधर, वाचणारा माणूस. हे सगळे वाचले आणि राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या आपल्या माणसांना सांगून मोकळा झालो, “मे महिन्यात विकू नका. गणपतीनंतर विका. भाव चढणार आहे.”

तीन-चार जणांनी ऐकले. त्यातल्या एका काकांनी चाळीस क्विंटल भात घरात ठेवले. पावसाळाभर ते सांभाळले. उंदरांनी खायचे ते खाल्ले, दमट हवेने नासायचे ते नासले. ८ सप्टेंबरला, ऐन गणपतीत, दिल्लीचा आदेश आला : कणीची निर्यात बंद आणि बिगरबासमती तांदळाच्या निर्यातीवर २० टक्के कर. उकडा तांदूळ तेवढा करातून सुटला. व्यापारी दारात येऊन म्हणाला, “आता बाहेर माल जाणार नाही, भाव विसरा.” मुलीची फी भरायची होती. काकांनी मे महिन्यात मिळत होता त्याहून कमी भावाने भात विकले.

त्यांनी मला बोल लावला नाही. एवढेच म्हणाले, “साहेब, तुम्ही पेपरात वाचलेत ते आम्हाला सांगितलेत.” हे वाक्य मला चार शिव्यांपेक्षा जास्त लागले. मी वाचले होते, पण वाचताना एक प्रश्न विचारला नव्हता. लेखात लिहिले होते, ‘भारताला फायदा’. यातला भारत म्हणजे कोण?

कॅरमच्या सोंगट्या

जागतिक राजकारणावरचे लेख कसे लिहितात ते बघा. ‘चीनने डोळे वटारले.’ ‘अमेरिका नाराज.’ ‘भारताने ठणकावले.’ जणू देश म्हणजे एकेक माणूस. त्याला राग येतो, लोभ येतो, तो दुकान टाकतो. विद्यापीठांत हा विषय शिकवणाऱ्यांचा एक मोठा संप्रदाय आहे. हान्स मॉर्गेंथाऊ नावाच्या प्राध्यापकाने १९४८ साली लिहिलेल्या पुस्तकाने तो रुजवला. प्रत्येक राष्ट्र आपले सामर्थ्य आणि आपला स्वार्थ बघते, बाकी गोष्टी बोलायच्या, असा त्याचा गाभा. या संप्रदायाचे लोक देशांना बिलियर्डच्या चेंडूंची उपमा देतात. आपण कॅरमच्या सोंगट्या म्हणू. सोंगटी सोंगटीवर आदळते. आत काय आहे ते बघायचे कारण नाही.

हे सगळे चुकीचे नाही. मराठी माणसाला ते नवीनही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या आरंभी, टोपीकरांविषयी हाच सावधपणा सांगितला आहे. हे साधे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत. वखारीला जागा द्यायचीच झाली तर खाडीच्या तोंडाशी, समुद्रकाठी देऊ नये. व्यापाराच्या मागे सत्ता उभी असते, हे तेव्हा कोकण किनाऱ्यावरच्या लोकांना कळत होते.

पण सोंगटीच्या आत डोकावणारेही विद्वान झाले. रॉबर्ट पुटनम या अमेरिकी प्राध्यापकाने १९८८ साली मांडले की, देशाचा प्रतिनिधी एकाच वेळी दोन टेबलांवर खेळत असतो. एका टेबलावर समोर परदेशी मंडळी. दुसरे टेबल त्याच्या घरात. तिथे कारखानदार, ग्राहक, पक्ष, मतदार बसलेले. परदेशातल्या टेबलावर तो काय कबूल करील हे घरातल्या टेबलावर कोण बसले आहे त्यावर ठरते. आता मला सांगा, दिल्लीतल्या त्या घरच्या टेबलावर भात पिकवणाऱ्याची खुर्ची कुठे आहे?

२० जुलै २०२३

चौकच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. आदल्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इथला प्रत्येक जण त्या दिवशी डोंगराकडे धावत होता किंवा डोंगराकडे बघत बसला होता. ठाकूर वाडीची ती माणसे आपलीच होती.

त्याच २० जुलैला दिल्लीत आदेश निघाला : बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद. आपल्यापैकी कोणाला तो वाचायची शुद्ध नव्हती, आणि ते साहजिकच होते. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मी तारीख एवढ्यासाठी सांगतो की, आपले भवितव्य ठरवणारे कागद आपली सवड बघून निघत नाहीत. लावणी असो, दुखवटा असो, कागद निघतो.

पुढे महिनाभर जगभरच्या पानांवर या बंदीची चर्चा झाली. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. आफ्रिकेतल्या गरीब देशांचे काय होणार, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी काय म्हणतो, यावर लिहिले गेले. ऑगस्टअखेर भारत सरकारने भूतान, मॉरिशस, सिंगापूर या देशांना त्यांच्या विनंतीवरून ठरावीक तांदूळ द्यायला मान्यता दिली. म्हणजे व्यापाराला दार बंद, मुत्सद्देगिरीला खिडकी उघडी. भाष्यकारांनी याला ‘तांदळाची मुत्सद्देगिरी’ म्हटले, कोणी कौतुक केले, कोणी टीका केली. त्या चर्चेत भारत होता, आफ्रिका होती, सिंगापूर होते. ज्याच्या खाचरात तो तांदूळ पिकला तो मात्र मी वाचलेल्या लेखांत फारसा कुठे दिसला नाही.

कोणी म्हणेल, आपले भात कुठे परदेशी जाते? कर्जत-खालापूरचे भात इथल्याच गिरणीत भरडले जाते आणि पनवेल-मुंबईत खाल्ले जाते. खरे आहे. आपला तांदूळ जहाजात चढत नाही. पण आंध्र-छत्तीसगडचा जो तांदूळ जहाजात चढायचा तो अडला की देशातल्या बाजारात येतो, आणि गिरणीवाला आपल्याला भाव सांगताना तोच दाखवतो.

बंदी २८ सप्टेंबर २०२४ ला उठली. चौदा महिने झाले होते. एक हंगाम पूर्ण त्यात गेला.

जिनिव्हाची वही आणि पॅरिसची वही

आता फळ्यावर थोडे गणित करू. ठोकळमानाने करू, पण मन लावून बघा.

१९९४ साली मराकेशला करार झाला, १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. डंकेल मसुद्यावरून त्या काळी शेतकरी चळवळीत केवढी भांडणे झाली ते इथले वडीलधारे सांगतील. शरद जोशींनी खुल्या व्यापाराची बाजू घेतली, कर्नाटकात नंजुंडस्वामींनी कडाडून विरोध केला. त्या वादात आज शिरत नाही. करारातले एकच कलम बघू.

सरकारने हमीभाव देऊन शेतकऱ्याला केलेली मदत मालाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांवर जाता कामा नये, अशी आपल्यासारख्या देशांना मर्यादा आहे. मदत मोजायची कशी? आजचा हमीभाव एका बाजूला आणि १९८६ ते ८८ या काळातला जागतिक भाव दुसऱ्या बाजूला. होय, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा भाव! तांदळाचा तो भाव आहे टनाला सुमारे २६२ डॉलर; त्या वेळच्या रुपयांत ३,५२० रुपये टन, म्हणजे ३५२ रुपये क्विंटल.

२०२३–२४ चा साध्या भाताचा हमीभाव होता २,१८३ रुपये. एक क्विंटल भातातून ६७ किलो तांदूळ धरा. तांदूळ पडला क्विंटलला सुमारे ३,२५० रुपये. भरडाई, वाहतूक धरलेली नाही.

हा आकडा ३५२ रुपयांशी ताडला तर शेतकऱ्याला नऊपट भाव मिळतो असे दिसते. डॉलरमध्ये ताडला तर आपला भाव टनाला ३९० डॉलरच्या आसपास, जुना भाव २६२, म्हणजे दीडपट. आणि त्याच वर्षीच्या जागतिक भावाशी ताडला तर? बंदीच्या आधी थायलंडचा तांदूळ टनाला पाचशे डॉलरच्या आसपास होता, बंदीनंतर सहाशेच्या वर गेला. म्हणजे आपला भाव जगाच्या भावापेक्षा कमी!

शेतकरी तोच, भाताची गोणी तीच. मोजपट्टी बदलली की तो एकदा लाडावलेला दिसतो, एकदा लुबाडलेला.

हे माझ्या फळ्यापुरते नाही. मे २०१८ मध्ये अमेरिकेने जिनिव्हाला लेखी तक्रार दिली की, भारत भाताला किमतीच्या ७४ ते ८४ टक्के एवढी मदत देतो. अमेरिकेने रुपयांत मोजले आणि सगळे उत्पादन धरले. भारताने डॉलरमध्ये मोजले आणि सरकारने खरेदी केले तेवढेच धान्य धरले. तरीही २०१८–१९ सालासाठी भारताचा स्वतःचा आकडा साडेअकरा टक्क्यांच्या आसपास निघाला, मर्यादा ओलांडली गेली, आणि २०१३ च्या बाली बैठकीत मिळालेल्या ‘शांतता कलमा’चा आडोसा घ्यावा लागला.

आणि त्याच २०१८ साली पॅरिसच्या ओईसीडी या संस्थेने दिल्लीच्या अभ्यासकांबरोबर अहवाल काढला. त्यात लिहिले की, २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याचे उत्पन्न निर्यातबंदीसारख्या धोरणांमुळे सरासरी १४ टक्क्यांनी कमी राहिले. खतावरचे, विजेवरचे अनुदान धरूनही! आपण ज्याला उणे सबसिडी म्हणतो ती हीच.

‘भारत सरकार शेतकऱ्यांना भरमसाट मदत देते’ असे कुठेही वाचलेत की पहिला प्रश्न विचारा : कोणत्या सालच्या भावाशी ताडून? रुपयांत की डॉलरमध्ये?

सरकारला भीती कशाची?

न्यायाने बोलायचे तर सरकारच्या भीतीलाही इतिहास आहे. मुंबई एके काळी ब्रह्मदेशचा तांदूळ खात असे. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले, तो तांदूळ तुटला आणि १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८० खाली गव्हाचा करार झाला. १९६५ आणि ६६ ला लागोपाठ दुष्काळ पडला, आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष जॉन्सन यांनी गहू थोडा थोडा, महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर भारताने केलेली टीका त्यांना रुचली नव्हती, आणि भारताने शेतीचे धोरण बदलावे असाही त्यांचा आग्रह होता. जहाज बंदरात लागेल तेव्हा चूल पेटेल अशी ती वेळ. ज्या राज्यकर्त्यांनी ती पाहिली त्यांच्या मनात कोठार रिकामे होण्याची धास्ती बसली. ती धास्ती मला समजते.

त्याच काळात जगाने आपल्याला दिलेही आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे ‘कर्जत १८४’ वाण आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी लावले. त्याची एक बाजू आपला कोळंबा ५४०, दुसरी तैवानचे ‘तायचुंग नेटिव्ह-१’. भारताने तैवानला देश म्हणून मान्यता दिलेली नाही. पण तिथल्या भाताचा बुटकेपणा आपल्या खाचरात येऊन बसला. जगाशी संबंध म्हणजे नुकसानच, असे मी म्हणणार नाही.

आणि आपण तरी एका बाजूचे कुठे आहोत? मागे एका वाडीवर मी निर्यातबंदीविरुद्ध तावातावाने बोलत होतो. एक मावशी उठून म्हणाल्या, “दादा, दिवाळीनंतर आम्ही भात विकतो आणि लावणीच्या वेळेला तांदूळ विकत आणतो. भाव वाढला तर आम्ही हसायचं का रडायचं?” मला पटकन उत्तर देता आले नाही. आपल्यापैकी अर्ध्याअधिक घरांची हीच गत आहे. वरकस जमीन, एक-दोन एकर खाचर, वर्षाचे पुरत नाही.

आज मी एवढे म्हणतो : गरिबाला तांदूळ स्वस्त मिळालाच पाहिजे, मावशींनाही मिळाला पाहिजे. पण त्या स्वस्ताईचे बिल तिजोरीने भरावे, म्हणजे सगळ्या देशाने भरावे. भाव पाडून ते एकट्या भात पिकवणाऱ्याच्या नावावर का लिहिता? देश म्हणजे सगळे, तर बिल भरतानाही सगळे.

या जिल्ह्याने हे आधी पाहिले आहे

‘देशाला हवे आहे’ हे शब्द रायगडला नवे नाहीत. न्हावा-शेव्याला बंदर हवे होते, ते देशाचे प्रवेशद्वार होणार होते. बंदर हवे होते हे खोटे नव्हते. पण जमीन उरणच्या शेतकऱ्याची होती, आणि तिचा मोबदला ठरवताना तो टेबलावर नव्हता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले. गोळीबारात पाच जण गेले. त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व आले. १९८९ ला बंदर सुरू झाले. टेबलावरची खुर्ची कोणी मान देऊन पुढे सरकवली नाही. ती उरणकरांनी रक्त देऊन मिळवली. परराष्ट्र व्यापाराच्या इतिहासात हे पान क्वचित सापडते. आपण ते विसरता कामा नये.

आता गोणीचे उत्तर

मागचा प्रश्न विसरलो नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. आपल्याच जिल्ह्यात थळला त्याचा कारखाना आहे. देशाला लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा परदेशातून द्रवरूपात जहाजाने येतो. डीएपीसाठी तर आपण चीन, सौदी, मोरोक्को यांच्यावर विसंबून. ऑक्टोबर २०२१ पासून चीनने खतांच्या निर्यातीवर तपासणीचे अडथळे घातले, चार महिन्यांनी युद्ध पेटले. युरियाच्या गोणीवरचा भाव सरकारने वाढू दिला नाही, फरक तिजोरीने भरला. ते बरेच झाले. पण बाहेर माल महागला, उशिरा आला की भाव तोच राहतो आणि गोणी मात्र दुकानात दिसत नाही. जी दिसते तिच्यासोबत नको असलेली दुसरी बाटली गळ्यात मारली जाते. जगाचे राजकारण आपल्या दारात येते ते असे, रांगेच्या रूपाने.

करायचे काय?

मी तुम्हाला प्राध्यापक व्हायला सांगत नाही. प्रत्येक गावात वर्तमानपत्र वाचणारी दोन पोरेपोरी आहेत. त्यांनी एक वही घालावी. धान्य, खत, तेल, कापूस यांवर दिल्लीचा किंवा परदेशाचा निर्णय आला की तारीख लिहावी. त्या दिवशी चौकच्या आणि कर्जतच्या बाजारात भाव काय होता तो लिहावा. महिन्याने पुन्हा लिहावा. व्यापारी ‘निर्यात बंद झाली’ म्हणून भाव पाडतो, तेव्हा निर्यात खुली झाल्यावर तो वाढवतो का, हे वही सांगेल.

आणि जगाच्या राजकारणावरचा कोणताही लेख वाचताना तीन प्रश्न विचारावेत. इथे देश म्हणजे कोण? बिल कोणाच्या नावावर? आणि ठरले तेव्हा टेबलावर कोण होते?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले, तेव्हा दिल्लीने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून. ‘भारताची खेळी’ असे कोणी त्याला म्हटले असेल. विदर्भाच्या शेतकऱ्याचा कापूस तेव्हा बोंडातून फुटायचा होता. लावा तीन प्रश्न आणि बघा काय उत्तर येते.

चाळीस क्विंटलवाले ते काका आज इथे बसले आहेत. मी त्यांचे नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. काका, तेव्हा मी पेपरात वाचलेले तुम्हाला सांगितले. पुढच्या खेपेला वही घेऊन येईन, मग काय ते दोघे मिळून ठरवू.

एवढे बोलून थांबतो.